अक्का उतरणार कुठे?

अक्कांना चेन्नईला जायचंय आणि उतरायचं कुठे ते ठरत नाहीये. सध्या आमच्या दोन परसांमधल्या कुंपणाला दुसरा विषय नाही. कुंपण म्हणजे कमरेएवढी विटांची भिंत. तिच्यावर पलीकडून शेवगा वाकलेला, अलीकडून दुधीचा वेल चढलेला. शेंगा त्यांच्या, दुधी आमचे, गप्पा सामाईक.

अक्का म्हणजे शेजारच्या अक्का. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरकडे आलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. कुंभकोणमहून तंजावरला निघालं की सहा-सात किलोमीटरवर आमचं तिरुवलंचुळी लागतं. कावेरीकाठचं गाव, पांढऱ्या गणपतीसाठी नावाजलेलं. यांचं आजोळ इथलं, म्हणून निवृत्तीनंतर पुण्याचा फ्लॅट बंद करून आम्ही इथे येऊन राहिलो. मला तमिळ जमेपर्यंत अक्कांची मराठी हाच आधार होता. त्या मराठीत त्यांनी मला आंबट भाजी शिकवली, डांगर पच्चडी शिकवली आणि आळीतल्या एकेका घराची कुंडलीही मांडून दाखवली.

काम डोळ्यांचं आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू तंजावरलाच निघाला. पण आता डाव्या डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी दुखणं निघालंय, तेव्हा एकदा चेन्नईच्या शंकर नेत्रालयात दाखवून या, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नुंगंबाक्कमला कॉलेज रोडवर ते इस्पितळ आहे. डॉ. बद्रीनाथांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं; थेट बंगालहून माणसं तिथे डोळे दाखवायला येतात. वेळ मिळाली आहे सकाळची. चतुर्थी आटोपली की निघायचं. गाडीची तिकिटं झाली, कागदांची पिशवी भरून झाली. घोडं अडलंय ते मुक्कामावर.

"त्यात अडायचं काय गं?" अक्का शेंगा तोडता तोडता म्हणाल्या. "मैलापूरला सख्ख्यासारखी चुलत नणंद आहे. तिचं घर सोडून दुसरीकडे उतरले तर गोतात तोंड दाखवायला जागा राहील का?"

खरी अडचण ही आहे. अंतर, भाडं, ट्रॅफिक हे सगळं मागाहून. आपल्यात माणूस परगावी कुठे उतरतो यावरून नाती मोजतात. अमक्याकडे उतरलो नाही तर तो रुसतो, उतरलो तर त्याची बायको रुसते.

मी म्हटलं, "अक्का, नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर ना?"

"हो."

"लिफ्ट?"

"लिफ्ट कुठली, जुनी बिल्डिंग. पण जिने रुंद आहेत."

"आणि तुमच्या डोळ्यांत थेंब घालणार. बाहुल्या मोठ्या झाल्या की चार-पाच तास धड काही दिसत नाही, उजेड सोसवत नाही. त्या डोळ्यांनी तिसरा मजला चढणार?"

अक्का गप्प. मग म्हणाल्या, "भाचा हात धरील की."

भाचा बंगळूरहून परस्पर चेन्नईला येणार आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगते, कारण त्यानं आधीच एक पराक्रम करून ठेवलाय. पण नणंदेचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. घर दोन खोल्यांचं, न्हाणीघर एक. मुलगा घरूनच काम करतो, ते अमेरिकेच्या घड्याळावर. म्हणजे घरातले झोपले की तो बोलायला लागतो. हे सगळं मला अक्कांनीच सांगितलंय, मागच्या खेपेला तिथून आल्यावर, दोन तास, याच भिंतीवर हात टेकून. आणि त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे समईची. अक्कांच्या सासूबाईंची स्वामीमलैला ओतून घेतलेली समयांची जोडी होती. त्या गेल्यावर एक अक्कांकडे राहिली, एक नणंदेकडे गेली. तेव्हापासून दोघींचं म्हणणं एकच: जोडी मोडू नये. फक्त ती कुणाच्या घरी जुळवायची, यावर एकमत नाही.

"मी दुखण्यासाठी जात्येय, समईसाठी नाही," अक्का म्हणाल्या.

"व्यंकोजीराजेही जेवायलाच गेले होते," कुंपणाच्या अलीकडून हे बोलले.

यांना इतिहासाचा नाद. भिंतीजवळ पेपर वाचत बसल्याचं सोंग करतात आणि कान इकडे. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. १६७७ चा जुलै महिना, कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेला तिरुमलवाडीजवळ शिवाजी महाराजांचा तळ पडलेला. इथून काही ती फार लांबची जागा नव्हे. महाराजांनी धाकट्या भावाला भेटीला बोलावलं. व्यंकोजीराजे आले, थोरल्याच्या छावणीत पाहुणे म्हणून राहिले, पंक्ती झडल्या, मानपान झाले. मग थोरल्यानं वडिलांच्या मिळकतीतल्या अर्ध्या वाट्याचा विषय काढला. धाकटे एका रात्री कुणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून आले.

"भावाच्या तंबूत उतरलं की असं होतं," हे म्हणाले. "वेगळा तळ ठोकून नुसते जेवायला गेले असते, तर रात्री पळावं लागलं नसतं."

अक्का हसल्या खऱ्या, पण शेंगांची जुडी बांधताना गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

आता भाच्याचा पराक्रम. पोरगा हुशार, पण फोनमध्ये जे दिसतं ते खरं मानणारा. त्यानं मावशीसाठी एक खोली धरली, 'समुद्र दिसणारी'. फोटोत निळं पाणी, पांढरा पडदा, पडद्यामागे नारळ. मोठ्या कौतुकानं अक्कांना पाठवला. अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाला लावून बघितला आणि मला विचारलं, "हे मरीनाला का गं?"

मरीना कुठलं! मरीनावर राहायची सोय असती तर मीही गेले असते. त्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून बसलेत ते मद्रास विद्यापीठ, चेपॉकचा राजवाडा, प्रेसिडेन्सी कॉलेज, आईस हाउस, क्वीन मेरीज कॉलेज. इंग्रजांनी आणि नवाबानं चांगल्या जागा आधीच अडवून ठेवल्या, यात्रेकरूला काही ठेवलं नाही. बरं, रस्त्यापासून पाणी गाठायचं तर वाळूतून किती चालावं! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराचे बांध समुद्रात काढले, त्यांनी दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू अडवली. तेव्हापासून बंदराच्या दक्षिणेला मरीना रुंदच होत गेली आणि उत्तरेला रोयपुरमकडे समुद्र जमीन खात सुटला. पाण्यात उतरून डुंबावं म्हटलं तर तेही नाही, आतली ओढ फार वाईट, पोलीस शिट्ट्या मारून बाहेर काढतात. तेव्हा ज्याला खोलीतून समुद्र बघायचा त्यानं शहर सोडून दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडला जावं. नीलांकरै, इंजंबाक्कम, त्याच्याही पुढे. भाच्यानं धरलेली खोली अशीच पार पुढे. तिथून सकाळच्या गर्दीत अड्यार ओलांडून नुंगंबाक्कमला यायचं म्हणजे अंधारातच निघायला हवं.

आणि डोळ्यांत थेंब घातलेल्या बाईला समुद्र दाखवायचा कशासाठी?

असाच प्रकार मागच्या आळीतल्या एका घरी झाला. नाव सांगत नाही, शेंगा त्यांच्याकडेही जातात. मुलाची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत होती. वकिलात जेमिनीच्या चौकात, पुलाला लागून. मुलाखत सकाळची आणि साहेब उतरले समुद्रकिनारी, कारण मित्र म्हणाले, चेन्नईला जाऊन समुद्र नाही बघितला तर काय केलं? दिवस ऐप्पसीचे, म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. चेन्नईचा खरा पाऊस तेव्हाच. मुंबईवाल्यांना सांगून पटत नाही, पण तिथे जून-जुलैत उकडतं आणि दिवाळीला छत्री लागते. रात्रभर कोसळला, सकाळी टॅक्सी मिळेना, मिळाली ती हलेना. पोचला कसाबसा, भिजलेल्या फायलीसकट. व्हिसा मिळाला हे त्याचं नशीब. समुद्र कसा होता विचारलं तर म्हणाला, "रात्री गेलो, पहाटे निघालो; आवाज होता."

माझं सरळ मत आहे. परगावी कुठे उतरायचं हे सकाळचं पहिलं काम जिथे असेल त्यावर ठरवावं. देऊळ, समुद्र, साड्या, नातेवाईक ही सगळी संध्याकाळची कामं, त्यांना उशीर झाला तर काही बिघडत नाही. इस्पितळाचा केसपेपर, व्हिसाची रांग, परीक्षेचं केंद्र, मुहूर्त हे थांबत नाहीत. पण हे मत मी बोलून दाखवलं की आमचे हे म्हणतात, "मग आपण पुण्याहून इथे का आलो? इथे सकाळी काय काम आहे?" त्यावर मी त्यांच्या हातात दुधाची पिशवी देते.

कोपऱ्यावरच्या मामी एवढ्यात आल्याच. त्यांना मराठी बोलता येत नाही, समजतं सगळं. विशेषतः आपल्याविषयी असेल ते. मामींचा भाऊ वेळच्चेरीला राहतो आणि त्यांचा आग्रह की अक्कांनी तिथे उतरावं. "तळमजला आहे, जिने नाहीत, स्टेशन जवळ." बोलण्यात तथ्य होतं. वेळच्चेरीहून लोकल निघते ती मैलापूर, तिरुवल्लिक्केणी, चेपॉक करत बीचपर्यंत जाते.

"मामी, २०२३ चा डिसेंबर विसरलात?" मी विचारलं.

मिचाँग वादळाचे ते दिवस. मामा तेव्हा तिथेच मेव्हण्याकडे उतरले होते, कसल्याशा पेन्शनच्या कामाला. ३ तारखेच्या रात्री पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी तळमजल्यात पाणी. मामांना दोन पोरांनी खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेलं. वीज नाही, फोन नाही, दूध नाही. मामींनी इकडे गणपतीला काय काय नवस बोलला ते त्या अजून फेडतायत. वेळच्चेरीच्या पलीकडे पळ्ळिक्करणैची दलदल आहे. सगळ्या बाजूचं पाणी उतरायची ती जागा. तीत भराव घालून घरं नि ऑफिसं उठली, मग पाण्यानं जायचं कुठे? ते आलं दिवाणखान्यात. २०१५ च्या डिसेंबरातही तेच झालं होतं, तेव्हा तर अड्यार नदीच शहरात शिरली.

"पण आत्ता कुठे डिसेंबर आहे?" मामी तमिळमध्ये म्हणाल्या. "आत्ता भाद्रपद."

"आत्ता पाऊस नाही, हे कबूल. पण तुमच्या भावाकडे उतरल्या तर मैलापूरची नणंद काय म्हणेल?"

हा मुद्दा मात्र मामींना तत्काळ पटला. स्वतःच्या नणंदेला सोडून परक्याच्या भावाकडे उतरणं, हे पुरापेक्षा वाईट.

यांनी आता पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "लॉजमध्ये उतरण्याची एवढी लाज का वाटते तुम्हा लोकांना? इथल्या मराठी राजांनी वाटसरूंसाठी रस्त्यारस्त्यावर छत्रं बांधली ती काय शोभेला?" आणि मग त्यांची गाडी सुटली. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रम् आहे, सरफोजी राजांनी बांधलेलं; राजाची लाडकी मुक्तांबाळ, तिच्या नावानं. त्या छत्रांतून जातपात न बघता जेवण मिळे, आजारी पडलेल्या वाटसरूला वैद्य मिळे, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय होई. इंग्रजांनी राज्याचा कारभार हातात घेतल्यावर या छत्रांवर गदा येऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून हे सगळं कळवलं. म्हणजे राज्य गेलं तरी चालेल, धर्मशाळा चालू राहू दे, असा तो राजा. "आणि तुम्ही म्हणता लॉजमध्ये उतरलं तर तोंड दाखवायला जागा नाही!"

"ती धर्मशाळा झाली," अक्का म्हणाल्या. "पैसे घेत नव्हते. पैसे देऊन राहिलं की त्याला नात्याचा अपमान म्हणतात."

बोलण्यात त्या कुणाला ऐकायच्या नाहीत.

पण हे थांबेनात. कुंभकोणमचा माणूस मद्रासला जाऊन कुठे उतरतो याचा दाखलाच त्यांनी काढला. आपल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरातला रामानुजन. त्यानं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे नोकरीचा अर्ज धाडला तो ९ फेब्रुवारी १९१२ रोजी, ट्रिप्लिकेनच्या समर हाउसमधून. १ मार्चला तीस रुपये महिन्यानं कारकून म्हणून लागला आणि मग बिऱ्हाड केलं ते बंदराच्या जवळ, जॉर्ज टाउनमध्ये. "एवढा मोठा गणिती, त्यालाही ऑफिस जवळ बरं वाटलं," हे माझ्याकडे बघून म्हणाले. मला पाठिंबा मिळतोय हे लक्षात यायला मला क्षणभर वेळच लागला. घरात असा प्रसंग क्वचित येतो.

"आणि विवेकानंद," मामींनी भर घातली. त्या शाळेत शिक्षिका होत्या. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामीजी कुंभकोणमला येऊन, इथे व्याख्यान देऊनच मद्रासला गेले आणि तिथे ६ तारखेपासून नऊ दिवस उतरले ते आईस हाउसमध्ये. म्हणजे अमेरिकेहून जहाजानं येणारा बर्फ साठवायला १८४२ मध्ये बांधलेल्या गोदामात. तोवर ते कुणा वकिलाचं राहतं घर झालं होतं ही गोष्ट वेगळी. समुद्र मात्र अगदी समोर.

"बघा, स्वामीजींना समुद्रासमोरची खोली मिळाली," अक्का म्हणाल्या. "माझा भाचा काही चुकला नाही."

"स्वामीजींना डोळ्यांत थेंब घालायचे नव्हते," मी म्हटलं.

मग यांनी ट्रिप्लिकेनचा घोडा पुढे दामटला. पार्थसारथीचं देऊळ, साधं जेवण, स्वस्त खोल्या. स्वस्त खऱ्या, पण तिथल्या 'मॅन्शन' म्हणजे एकट्या पुरुषांची वसतिस्थानं. नोकरी शोधणारी, परीक्षेला आलेली पोरं एकेका मजल्यावर कोंबलेली, वाळत घातलेल्या लुंग्यांखालून वाकून जायचं. शिवाय चेपॉकला सामना असला की दोन-दोन दिवस आधीपासून खोली नाही. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळावरम, पुळल, चेंबरंबाक्कम असे चेन्नईचे चारही तलाव आटले, तेव्हा अशा ठिकाणी माणशी बादलीभर पाणी म्हणजे चैन होती. अक्कांना पहाटे चारला डोक्यावरून आंघोळ लागते. त्या बादल्या मोजत नाहीत.

टी. नगरचा उल्लेख मामींनी केला, पण ते मी चालूच दिलं नाही. रंगनाथन स्ट्रीटला उतरलेली बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे न जाता साड्यांच्या दुकानात सापडेल.

राहिलं एग्मोर. आणि मला विचाराल तर आमच्या बाजूच्या माणसानं एग्मोर सोडून कुठे जाऊच नये. आपली गाडी तिथे जाते. मायिलाडुतुरै, विळुप्पुरम करत रात्रभर चालते आणि पहाटे एग्मोरला सोडते. ते लालपांढरं स्टेशन १९०८ पासून हेच करतंय; आता तिथे मोठं बांधकाम निघालंय, आणि बांधकामापायी काही गाड्या तांबरमला वळवतात, तेवढं निघण्याआधी बघून घ्यावं. बसनं जाणाऱ्यांची मात्र अलीकडे पंचाईत झाली. पूर्वी बस कोयंबेडूपर्यंत आत जायची. २०२३ च्या डिसेंबरअखेर किळांबाक्कमचा नवा बस अड्डा उघडला, तेव्हापासून दक्षिणेच्या गाड्या तिथेच थांबतात, वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयाजवळ. तिथून शहर अजून तीसेक किलोमीटर. पहाटे बसमधून उतरून "चेन्नई आलं का?" असं विचारणारी माणसं मी बघितली आहेत.

एग्मोरहून कॉलेज रोड रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. वाटेत पँथिऑन रोडचं सरकारी म्युझियम. १८५१ चं ते. तिथल्या ब्राँझच्या दालनात चोळांच्या काळच्या मूर्ती आहेत, तिरुवेंकाडूचा अर्धनारीश्वरही तिथेच. आपल्या कावेरीकाठचे एवढे देव एग्मोरला कायमचे उतरलेत, तर अक्कांना दोन रात्री काय जड?

हे ऐकून अक्का पहिल्यांदा जरा हलल्या. देवांचा दाखला त्यांना चालतो. आमच्या गावचा श्वेत विनायकही खरं तर मुक्कामाचाच देव. अमृतमंथनाला गणपतीची आधी पूजा करायला देव विसरले म्हणून विष निघालं, मग त्यांनी क्षीरसागराच्या फेसाची मूर्ती केली, ती घेऊन इंद्र हिंडता हिंडता इथे आला, मूर्ती क्षणभर खाली ठेवली आणि मग ती उचलेना, अशी इथली कथा. फेसाचा म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती भीमसेनी कापराची पूड लावतात. "तोसुद्धा चतुर्थीला नातेवाइकाकडे जात नाही," मी म्हटलं. "इंद्रच इथे येतो म्हणतात."

"सरी," अक्का म्हणाल्या. "विचारून तरी बघ."

केनेट लेनमधल्या एका लॉजला मी तिथल्या तिथे फोन लावला, आवाज मोठा करून भिंतीवर ठेवला. पहिला प्रश्न मी विचारला: खोलीचा हिशेब दुपारी १२ ते १२, की आल्यापासून २४ तास? पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या माणसाची सगळी गंमत यात असते. बाराचा नियम असेल तर पहाटे साडेचारला शिरून दुपारी बाराला तुमचा एक दिवस संपला, दुसऱ्याचं भाडं चालू. २४ तासांचा असेल तर दुसऱ्या पहाटेपर्यंत खोली तुमची. गाडीची वेळ अशी म्हणून एग्मोरच्या बऱ्याच लॉजांनी २४ तासांचीच रीत ठेवली आहे. या गृहस्थानंही तेच सांगितलं.

मग अक्कांनी फोन हातात घेतला आणि त्या बिचाऱ्याची परीक्षाच घेतली.

"लिफ्ट आहे का?"

"आहे अम्मा."

"लिफ्टपर्यंत पायऱ्या किती?"

पलीकडे शांतता. तो माणूस बहुधा बाहेर जाऊन मोजून आला. "पाच."

"कठडा?"

"एका बाजूला आहे."

"चढताना उजवीकडे की डावीकडे?"

"उजवीकडे."

"गरम पाणी किती वाजता सुरू होतं? संडास कोणता? खिडकी रस्त्यावर उघडते की गल्लीत? डास? कॉफी?"

"खाली मिळते अम्मा. कुंभकोणम डिग्री कॉफी."

इथे अक्कांनी फोन मला परत दिला. हमरस्त्यावरच्या प्रत्येक टपरीवर पितळी डबरा-टंबलर मांडून कुंभकोणमच्या नावानं जे विकतात त्याविषयी त्यांची मतं फार तिखट आहेत, आणि ती त्या लॉजवाल्याला ऐकवण्यात अर्थ नव्हता. "फिल्टर मी बरोबर नेईन," म्हणाल्या. म्हणजे ठरलं.

राहिली नणंद. तिच्यासाठी आम्ही तिघींनी मिळून तोडगा काढला. पहिल्या दिवशी इस्पितळ. त्या दिवशी कुणाकडे जायचं नाही, पडदे ओढून पडायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैलापूर. आधी कपालीश्वर, मग नणंदेकडे जेवण. भाच्यानं वर जाऊन तिला तळमजल्यावर बोलवायचं नाही, अक्कांनी स्वतः जिने चढायचे, सावकाश; तेवढा मान ठेवायला हवा. बरोबर शेंगा, कुंभकोणमची कोवळी विड्याची पानं आणि देवळाचा प्रसाद. लॉजविषयी विचारलंच तर सांगायचं, डॉक्टरांनी इस्पितळाजवळ राहा म्हटलंय. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं, पण विचारलं असतं तर म्हटलं असतं.

भाच्याला त्याची समुद्रवाली खोली रद्द करायला सांगितली. तो हिरमुसला. म्हणाला, "मावशी, पैसे परत नाही मिळणार." अक्का म्हणाल्या, "मग तू जा तिकडे. माझ्या वाटचा समुद्र तू बघ."

हे मध्येच बोलले, "अक्का, २०२८ ला महामहम आहे कुंभकोणमला. तेव्हा सगळं चेन्नई तुमच्याकडे उतरायला येईल, मग काढा उट्टं."

अक्कांचा चेहरा उजळला. "येऊ देत की! मागच्या महामहमला, २०१६ ला, ओसरीवर माणसं झोपली होती, गोठ्यात चटया टाकल्या होत्या. पहाटे तीनला कॉफीचा पहिला घाणा. माझ्या घरी जागा नाही असं कधी झालं नाही, आणि माझ्या माणसांनी बाहेर पैसे मोजले असं तर मुळीच नाही."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मैलापूरच. नणंदेला शंभर वर्षं आयुष्य आहे असं मी मनात म्हणेपर्यंत अक्का भिंतीपासून चार पावलं लांब गेल्या, म्हणजे आम्हाला ऐकू येईल पण त्यांना ऐकू येतंय असं वाटणार नाही इतक्या. "हो का? चतुर्थीला? सगळेच येताय? ये की, ये..." मग बराच वेळ नुसतं "हं". मग "कुठे?" मग एकदम आवाज चढला. "कुठे म्हणालीस?"

परत आल्या त्या तापलेल्या.

"चतुर्थीला येतायत. पाच माणसं. पांढऱ्या गणपतीला म्हणे मुलाचा नवस आहे."

"मग चांगलंच झालं," मामी म्हणाल्या.

"चांगलं कसलं! कुंभकोणमला महामहम तळ्याजवळ हॉटेलात खोल्या घेतल्यात. म्हणे, तुला त्रास नको, तुझे डोळे बरे नाहीत, जेवायला मात्र तुझ्याकडे येऊ. हॉटेलात! माझं घर इथे सहा किलोमीटरवर असताना! लोक काय म्हणतील?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मीच म्हटलं, "अक्का, आपणही आत्ताच एग्मोरला..."

"ते दुखण्यासाठी!" अक्का कडाडल्या. "त्याचा आणि याचा काय संबंध?" आणि यांच्याकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, त्या हॉटेलचा नंबर काढा बघू फोनमधून. मी सांगते त्याला, त्या पाच जणांच्या खोल्या रद्द कर म्हणून."